होणाऱ्या सासऱ्यांचा कॉम्पेन्सेटर

मुलीच्या वडिलांनी मुलाला काय विचारावं, याचे आपल्याकडे मळलेले रस्ते आहेत. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि गृहस्थ फारच धीट असतील तर, 'घेता का कधी?' या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून बसलो होतो. तिसऱ्याचं तर दोन प्रकारे. पण भार्गवीच्या वडिलांनी, पुरुषोत्तमकाकांनी, नागपूरहून व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "रिव्हॉल्व्हरबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?"

मी म्हणालो, "बेसिक."

हा आमच्या धंद्यातला रोग आहे. सॉफ्टवेअरवाल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं होतच नाही. एक तर ती त्याला बेसिक माहीत असते, नाही तर त्याने तिच्यावर पूर्वी काम केलेलं असतं. मी त्यातल्या त्यात खालची पायरी निवडली, हा माझा प्रामाणिकपणा. खरं तर बंदूक या विषयाशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपर्यंतच होता, आणि तेव्हाही मी कानात बोटं घालून मोठ्या बहिणीला उडवायला सांगायचो.

"बेसिक पुरते," काका म्हणाले. "ऐका मग. मला माझ्या पोलादी, बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरला कॉम्पेन्सेटर बसवायचा आहे. तुम्ही युरोपात राहून राहिले, इंजिनियर आहात. कुठला घ्यायचा, अभ्यास करून सांगा. दोन तऱ्हेच्या गोळ्या वापरतो मी. एक साध्या शिशाची, चपट्या तोंडाची, कागदावर नेम धरायला. दुसरी तांब्याच्या वेष्टनाची, जोरकस. दोन्हीला चालला पाहिजे. महिन्याभराने बोलू. आणि भार्गवीला यातलं काही सांगू नका. तिला बंदुकीचं नाव काढलेलं खपत नाही."

एवढं बोलून त्यांनी डाव्या हाताने चहाचा घोट घेतला आणि उजवा हात दोन-तीनदा जोरात झटकला, पाणी झटकावं तसा. मला वाटलं, हा 'निघा आता' म्हणायचा नागपुरी प्रकार असावा. मी नमस्कार करून निघालो.

भार्गवी आयर्लंडमध्ये, गॉलवेच्या एका इस्पितळात हाडांची डॉक्टर आहे. मी डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनमध्ये राहतो आणि क्लोनडॉकिनच्या एका ऑफिसात कोड लिहितो. आमचं आमच्यात ठरलेलं होतं. बाकी होता तो नागपूरचा होकार. "बाबा नाही म्हणाले तर मी पळूनबिळून येणार नाही हं," तिने आधीच बजावलं होतं. "मला ऑन-कॉल असतो." तेव्हा माझं पुढचं सगळं आयुष्य आता पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं नेमबाजी करून रायफल क्लबच्या पदकांनी भिंत भरून टाकलेल्या एका माणसाला कुठलं नळकांडं पसंत पडतं, यावर टांगलेलं होतं.

ज्यांचं 'बेसिक' माझ्याइतकंच आहे त्यांच्यासाठी सांगतो. गोळी सुटली की बंदुकीचं तोंड वर उसळतं. कॉम्पेन्सेटर म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचा, वरून भोकं पाडलेला तुकडा. गोळीच्या मागून येणारा वायू त्या भोकांतून वर निघतो आणि नळीला खाली दाबतो. कल्पना अशी सुटसुटीत. पण गोळी बदलली की वायू बदलतो, वायू बदलला की भोकं कमी तरी पडतात किंवा जास्त तरी होतात, आणि एवढं वाचून झाल्यावर मला जाणवलं की आपण लग्न करतोय की डॉक्टरेट, हे एकदा घरी विचारायला हवं.

मी रीतसर एक्सेल शीट केली. आडव्या ओळीत गोळ्या, उभ्या ओळीत कॉम्पेन्सेटर, मधल्या चौकोनांत तज्ज्ञांची मतं. तज्ज्ञ म्हणजे इंटरनेटवरचे अमेरिकन गृहस्थ, ज्यांची नावं 'ग्रँपा' अशी सुरू होऊन आकड्यांत संपतात. एक म्हणे, शिशाच्या गोळीला कॉम्पेन्सेटर लावू नका, भोकांत शिसं बसून तो चोंदतो. दुसरा म्हणे, मी तीस वर्षं लावतोय, तुम्हाला साफ करायचा आळस. तिसरा पहिल्या दोघांच्या देशभक्तीवर शंका घेत होता. आठवडाभरात माझ्या शीटचा प्रत्येक चौकोन 'हो', 'नाही' आणि 'अवलंबून आहे' या तीन उत्तरांनी भरला. ही शीट मी ऑफिसच्या लॅपटॉपवर केली होती, हे सांगायचं राहिलं. तेच ऑफिसच्या माहिती-सुरक्षा विभागाच्याही लक्षात आलं.

माझी मॅनेजर ईफा मला एका छोट्या खोलीत घेऊन गेली. त्या खोलीत टिश्यूपेपरचा डबा असतो. लोकांना नोकरीवरून काढतात ती खोली वेगळी. हिच्यात फक्त त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात.

"पियूष, घरी सगळं ग्रँड आहे ना?"

"ग्रँड," मी म्हणालो. आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे उत्तम, ठीक, चालेल, नको, आणि पाय मोडलाय पण चालत जाईन, यातलं काहीही असू शकतं. ईफाने बहुधा शेवटचा अर्थ घेतला.

"कोणावर राग आहे का तुझा?"

"नाही. लग्न करायचंय."

तिने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि शुक्रवारची सुट्टी दिली. तीच सुट्टी मी दिवाळीला मागितली होती तेव्हा 'रिलीज आहे' म्हणून नाकारली होती. माणसाने सभ्यपणे वागून आयुष्यात काय मिळवलं, असा प्रश्न मला त्या खोलीत पहिल्यांदा पडला.

सुट्टीच्या दिवशी शेजारच्या सतीशकडे गेलो. सतीश माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मुंबईचा, आणि कुठल्याही प्रश्नावर तो स्वतः त्यातून गेला असल्यासारखा सल्ला देतो. त्याची बायको नंदिनीवहिनी आमच्या मराठी मंडळाची सचिव. मी सगळी हकीकत सांगितली, भार्गवीला कळता कामा नये हेही सांगितलं. वहिनींनी प्रेसमधून, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चकलीचा डबा काढला आणि म्हणाल्या, "एवढंच ना? ग्रुपवर टाकते की. तुझं नाव नाही टाकत."

त्यांनी टाकलं ते असं: 'नमस्कार मंडळी! रिव्हॉल्व्हरची माहिती असणारं कोणी आहे का? आपल्या ओळखीच्या एका मुलाला हवी आहे. त्याचं लग्न ठरत नाहीये. मुलीच्या वडिलांसाठी पाहिजे. अर्जंट.'

मंडळाच्या ग्रुपवर एरवी मेथीच्या जुड्या कुठे मिळतात यापलीकडे काही घडत नाही. त्या दुपारी मात्र माणसं जागी झाली. एकीने हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, 'वडिलांशी आधी शांतपणे बोलून पाहा.' कोणी तरी पुण्यातल्या एका समुपदेशकाचा नंबर दिला आणि खाली लिहिलं, ऑनलाइनही बघतात. एकाने, 'माझ्या दिराकडे नाटकातली आहे, आवाज खऱ्यासारखा येतो,' असं कळवलं. आणि एकाने एअर फ्रायर विकायला काढल्याचं सांगितलं, पण तो ते दर शुक्रवारी सांगतो.

"वहिनी," मी म्हणालो, "मी त्यांना मारायला निघालोय असं वाचतायत लोक."

"छे रे, तुझं नाव कुठे आहे त्यात?"

तेवढ्यात ग्रुपवर कोणी तरी विचारलं, 'पियूष का?' आणि खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले.

गॉलवेचे लोकही त्याच ग्रुपवर असतात. अर्ध्या तासात भार्गवीचा फोन.

"पियूष, हे काय चाललंय?"

घाबरलेल्या माणसाचं तोंड त्याच्या आधी धावतं. "नाटक," मी म्हणालो. "मंडळाचं. गणपतीला. रहस्यप्रधान."

"तू नाटकात?"

"छोटं काम आहे."

फोन ठेवून मी वहिनींना हात जोडले. त्या क्षणी मंडळाच्या गणेशोत्सवात एका रहस्यप्रधान एकांकिकेची भर पडली, आणि तीत पहिल्या प्रवेशात सापडणाऱ्या प्रेताची भूमिका मला मिळाली. वहिनी म्हणाल्या, तुला पाठांतर जमायचं नाही.

सतीश एवढा वेळ चकल्या खात विचार करत होता. आता त्याने हात झटकले. "एक सांगू? गार्डांकडे जा."

गार्डा म्हणजे इथले पोलीस.

"कशाला? मी काय केलंय?"

"म्हणूनच. ऑफिसवाल्यांनी तुझं नाव पुढे पाठवलं असेल की नाही, तुला माहिती आहे? नाही. ग्रुपमधून कोणी कळवलं असेल? नाही माहीत. उद्या ते तुझ्या दारात आले तर तू संशयित. आज तू त्यांच्या दारात गेलास तर तू जबाबदार नागरिक."

जगातला दुसरा कोणताही माणूस पोलिसांकडे गुन्हा घडल्यावर जातो. आपला मराठी मध्यमवर्गीय मात्र गुन्हा घडायच्या आत, कागदपत्रांच्या दोन प्रती घेऊन, 'हे केलं तर चालेल का' असं विचारायला जातो. मी पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, विजेचं बिल आणि एक्सेल शीटची रंगीत प्रत घेतली. धीर म्हणून सतीशला घेतलं. त्याने बाहेर गाडीत बसून धीर दिला.

काचेपलीकडे एक तरुण गार्डा होता. गालावर तीळ, हातात चहाचा मग. मी म्हणालो, "मला एक शस्त्रासंबंधी माहिती द्यायची आहे."

मग खाली ठेवला गेला.

"तुझ्याकडे शस्त्र आहे?"

"नाही."

"हवंय?"

"अजिबात नाही."

"मग कोणाकडे आहे?"

"माझ्या सासऱ्यांकडे. म्हणजे ते सासरे नाहीत. होतील की नाही ते यावरच आहे."

"कुठे असतात?"

"नागपूरला."

त्याने जरा आठवून पाहिलं. "किल्डेअरच्या बाजूला येतं का ते?"

मी नागपूर कुठे येतं ते सांगितलं. मग एक्सेल शीट काचेखालून सरकवली. तो ती बराच वेळ वाचत राहिला. एखाद्याच्या घरी अनोळखी पदार्थ वाढला तर आपण सभ्यपणे जसं बघतो, तसं. मग त्याने आत हाक मारली आणि दुसरा गार्डा येऊन तोही वाचू लागला.

"म्हणजे," पहिला म्हणाला, "तुझ्याकडे बंदूक नाही. तुला ती घ्यायची नाही. तुला तिचा भाग विकत घ्यायचा नाही. तुला फक्त भारतातल्या एका माणसाला, त्याच्या परवान्याच्या बंदुकीला काय बरं पडेल, ते सांगायचंय."

"हो. हे बेकायदेशीर आहे का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही रे. विकत मात्र काही घेऊ नकोस, पाठवू तर मुळीच नकोस. त्याला इथे परवानगी लागते, आणि तो त्रास तुझ्यासारख्याला झेपायचा नाही. बोलायला बंदी नाही."

"हे मला लेखी मिळेल का?"

"नाही."

"शिक्का तरी?"

दुसरा गार्डा घाईने आत गेला. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येत राहिला. माझा अंदाज आहे की तो खोकला नव्हता. पहिल्याने मात्र चेहरा सरळ ठेवला, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. शीट परत देताना तो म्हणाला, "माझा काका फिन्टन, मुलिंगारच्या पलीकडे नेमबाजीचा क्लब आहे, तिथे असतो शनिवारी. आयुष्यभर हेच केलंय त्याने. त्याला विचार. शनिवारी तेवढीच त्यांना करमणूक."

शनिवारी सतीशने गाडी काढली. वहिनींनी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या. क्लब म्हणजे शेतांच्या मधोमध एक पत्र्याची शेड, मागे मातीचा मोठा बांध, आणि आत किटली. कुठल्याही आयरिश संस्थेचं केंद्रस्थान किटली असतं; बाकीचे उपक्रम तिच्या कडेकडेने चालतात. चिटणीस नोरीन नावाच्या बाई होत्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला हॅम सँडविच दिलं. मी शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर त्यांनी ते परत घेतलं, उघडलं, हॅम काढून सतीशला दिलं आणि पाव मला दिला. सतीशने नजरेने मला शपथ घातली की हे नंदिनीला सांगायचं नाही.

फिन्टन आणि त्याचे दोन मित्र माझी शीट घेऊन बसले. मी प्रश्न ठेवला: दोन तऱ्हेच्या गोळ्यांना मिळून एक कॉम्पेन्सेटर कुठला?

"जोरकस गोळीला लहान भोकांचा," एक मित्र म्हणाला.

"मोठ्या," दुसरा म्हणाला.

"तू गप्प बस, तुझ्या बंदुकीला कधी होता?"

"तुझ्या होता म्हणून तुला चार वर्षांत काय लागलंय? बांध लागलाय."

"आणि शिशाच्या हलक्या गोळीला?" मी विचारलं.

"तिला कुठलाच नको," फिन्टन म्हणाला. "तिच्या मागे वायूच इतका थोडा, की भोकातून काय निघणार? जांभई निघेल. नळीच्या टोकाला उगाच वजन."

"वजनानेच नळी खाली राहते!" दुसरा.

"मग वीट बांध!"

मसालेभातात तोंडली घालावीत की वांगी, यावर आमच्या घरी असंच होतं, फरक एवढाच की आमच्याकडे दारूगोळा नसतो. मी टिपून घेत होतो आणि प्रत्येक वाक्यासरशी माझं लग्न लांब लांब जात होतं. तेवढ्यात फिन्टनने विचारलं, "पण आहे कुठली ती रिव्हॉल्व्हर?"

मी सांगितलं. बत्तीस बोअरची, पोलादी, चांगली जड.

तिघांनीही शीट खाली ठेवली. पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"अरे, ती काय उसळणार!" फिन्टन म्हणाला. "कोंबडीने लाथ मारावी तेवढा तिचा धक्का. तिला कॉम्पेन्सेटर कशाला हवाय त्याला?"

"स्पर्धेसाठी असेल," मी म्हणालो.

"नेमबाजीच्या स्पर्धेत तो चालत नाही. नियमच आहे. चाळीस वर्षं खेळलेल्या माणसाला हे माहीत नाही होय?"

नोरीनबाई कप विसळत होत्या. त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, "वय किती त्यांचं?"

"अडुसष्ट."

त्या वळल्या आणि आपला उजवा तळहात माझ्यापुढे धरला. मनगटाखाली टाक्यांची एक पांढरी बारीक रेघ होती. "मलाही एकदा वाटायचं, बंदूकच फार उसळायला लागली आहे. बोटं बधिर व्हायची. सारखा हात झटकायची मी, असा."

आणि त्यांनी हात झटकला. पाणी झटकावं तसा.

माझ्या तोंडातला पाव तिथेच थांबला. काका मला निघा म्हणत नव्हते. चहाचा कप डाव्या हातात, आणि मागच्या भिंतीवरची ती सगळी पदकं उजव्या हाताची. हाडांच्या डॉक्टरणीपासून जे लपवायचं होतं ते बंदूक नव्हतंच.

परतीच्या वाटेवर सतीश म्हणाला, "कुठला तरी एक सांगून टाक. महागातला सांग. त्यांना हवाय, तुला लग्न हवंय. मध्ये मनगट कशाला आणतोस?"

हा त्याने आयुष्यात दिलेला पहिला व्यवहार्य सल्ला होता, आणि तो नेमका मला पाळता येईना. त्या माणसाला 'तुमचा हात गेलाय' म्हणायचं, म्हणजे वधूपरीक्षेला गेलेल्याने मुलीच्या आजोबांची कवळी काढून बघण्यासारखं. न सांगावं, तर एक नळकांडं बसवून ते आणखी वर्षभर बधिर बोटांनी बंदूक धरणार. भार्गवीला सांगावं, तर काकांना दिलेला शब्द मोडतो. तो आठवडा मी धड जेवलो नाही. एकांकिकेच्या तालमीत मात्र माझं कौतुक झालं. वहिनी म्हणाल्या, प्रेताचा रंग अगदी नैसर्गिक आलाय.

ठरलेल्या रविवारी सकाळी कॉल लागला. काकांशेजारी आणखी एक गृहस्थ बसले होते. "हे दिलीपराव. आमच्या क्लबचे. तांत्रिक बाजू पाहतील."

म्हणजे अपमान करायचाच झाला तर आता तो साक्षीदारासमोर करायचा होता.

मी बावीस स्लाइड्स केल्या होत्या. पहिल्या स्लाइडवर गणपती होता. वायूचा दाब, भोकांची दिशा, हलकी गोळी, जोरकस गोळी, फिन्टनचं मत, त्याच्या मित्रांची परस्परांबद्दलची मतं. दिलीपराव माना डोलावत होते. काका डाव्या हाताने उजवं मनगट चोळत ऐकत होते. शेवटची स्लाइड आली. तिच्यावर 'निष्कर्ष' लिहिलं होतं आणि खाली काही नव्हतं.

"मग?" काका म्हणाले. "घ्यायचा कुठला?"

"काका, हलक्या शिशाच्या गोळीला कॉम्पेन्सेटरचा उपयोग नाही."

"बरं. आणि जोरकस गोळीला?"

"तिला थोडा होईल. पण तिचाही धक्का तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फार नाही."

"मग हातात उसळते ती काय मला स्वप्न पडून राहिलं?"

"काका," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला, "उजव्या हाताची बोटं बधिर होतात का?"

काकांचा मनगट चोळणारा हात थांबला. दिलीपराव हळूच म्हणाले, "पुरुषोत्तम, मी दिवाळीपासून हेच सांगून राहिलो…"

"नेट गेलं," काका म्हणाले. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, स्पष्ट उच्चारात. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे आणलं आणि लाल बटण दाबलं.

होकार गेला होता. आता शब्द पाळूनही काही वाचणार नव्हतं. मी भार्गवीला फोन लावला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "करंगळीसुद्धा बधिर होते का? की करंगळी सोडून बाकीची?"

"मला काय माहीत?"

"आणि हात झटकतात?"

"हो."

"कधीपासून माहितीये तुला?"

"झटकतात हे पहिल्या दिवसापासून. का, ते आठवड्यापासून."

"मी हाडांची डॉक्टर आहे, पियूष."

"हो."

"हातांचीसुद्धा."

"हो."

"आणि तू मुलिंगारला गेलास."

तिने फोन ठेवला. पुढचे काही दिवस नागपूर आणि गॉलवे यांच्यामध्ये काय झालं ते मला नंतर, तुकड्यातुकड्याने कळलं. बाबांनी सगळं नाकारलं. मग तिने आईला सांगितलं की त्यांना कॅमेऱ्यासमोर उजव्या हाताने शर्टाची बटणं लावायला लावा. दुसऱ्या बटणाशी चाळीस वर्षं नेम धरलेला हात अडला. मग म्हणे तेच म्हणाले, "चला दवाखान्यात." मनगटातली, करंगळी सोडून बाकीच्या बोटांकडे जाणारी नस दबली होती. छोटं ऑपरेशन झालं, पट्टी बांधून ते संध्याकाळी घरी आले. उशीर केला असता तर अंगठ्यातली ताकद गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. तेव्हा मला यातलं काही कळवायला कोणी बांधील नव्हतं, आणि कोणी कळवलंही नाही. मी रोज प्रेत होऊन पडत होतो.

मग एका सकाळी काकांचाच फोन. उजव्या हाताला पांढरी पट्टी, चेहरा नेहमीसारखाच.

"त्या दिवशी नेट गेलं होतं."

"हो काका. इथेही जातं."

"लग्न डिसेंबरात करू. थंडी असते, पाहुण्यांना बरं. तुम्हाला चालते ना?"

मी हात जोडले आणि तसाच बसून राहिलो. त्यांना वाटलं चित्र अडकलं. त्यांनी फोन दोनदा आपटला.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी ही हकीकत लिहिली नसती. पण काकांच्या क्लबात सरासरी वय सत्तर आहे, आणि तिथल्या प्रत्येकाची बंदूक अलीकडे जरा जास्तच उसळते. काकांनी तिथे अभिमानाने सांगून ठेवलंय की आमच्या जवाईबापूंनी आयर्लंडहून, नुसतं फोनवर पाहून, निदान केलं. आणि मुलगी? कोणी तरी विचारलं म्हणे. तर म्हणाले, "तीही तिकडे दवाखान्यातच असते."

हे वाक्य भार्गवीपर्यंत पोचलं आहे. लग्न मोडलेलं नाही, एवढं तिने मला लेखी कळवलंय. बाकी ती सध्या माझ्याशी फक्त हॉलच्या बुकिंगपुरतं बोलते.

आता रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी माझा फोन वाजतो. पलीकडे कोणी तरी निवृत्त गृहस्थ असतात. रामराम करतात, सूनबाईला मोबाइल नीट धरायला सांगतात, बाही वर करतात आणि आपलं मनगट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणतात की मला फक्त अंधार दिसतो. मी त्या अंधाराकडे थोडा वेळ गंभीरपणे बघतो आणि विचारतो, "करंगळीसुद्धा, की करंगळी सोडून बाकीची?"

पलीकडे मोठा श्वास सुटतो. "बघा," ते सूनबाईला म्हणतात, "इथल्या डॉक्टरांनी हे विचारलंच नव्हतं."